आईला दाखवू नकोस

चि. सईस अनेक आशीर्वाद.

रविवारी तू मधेच फोन ठेवलास, त्याबद्दल हे पत्र नाही. तू बोटीत लाइफ जॅकेट घालत नाहीस, त्याबद्दलही नाही. तो विषय आता काढायचा नाही, असं आईने माझ्याकडून कबूल करून घेतलंय.

तुझा तिकडचा, जर्मनीतल्या नेकार नदीवरचा व्हिडिओ त्यानंतर चारदा पाहिला. वल्हं सुरेख पडतंय. डावीकडे जरा कलतेस, ती मुळेवरचीच खोड. क्लबातल्या त्या आजोबांनी पहिल्या दिवशी पाण्यात न सोडता हातात फडकं दिलं, हे ऐकून बरं वाटलं. आमच्या वेळी इंजिनिअरिंगच्या बोट क्लबवरही पहिलं वर्ष असंच जायचं, काठावर जास्त, पाण्यात कमी. बोटी उचलायच्या, घासायच्या, गळती बुजवायची, सीनियरांना चहा आणायचा. रेगाटा, म्हणजे क्लबचा नदीवरचा बोटींचा सोहळा, 1928 पासूनचा, हे प्रत्येक बॅच पुढच्या बॅचला अशा थाटात सांगते की जणू स्वतःच सुरू केलाय. मीही सांगायचो. पण तुझ्या वर्षी काठावरच्या गर्दीत उभा राहून तुमच्या बोटींचा बाण अंधारातून सरकताना पाहिला आणि सर्वांत पुढच्या बोटीत तू दिसलीस, तेव्हा शेजारच्या अनोळखी माणसाला "ती आमची" म्हणालो. दोनदा.

त्या वर्षी जलपर्णी एवढी माजली होती की सरावाआधी ती उपसण्यातच जीव जायचा, आणि तुझे कपडे आई घरात घेऊ देत नसे. तरी आपली नदी तशी सांभाळून घेणारी. खाली बंडगार्डनचा बंधारा आहे म्हणून संगमापाशी पाणी तुंबून राहतं. मार्चमध्ये पडलं तर माणूस शिव्या देत वर येतो, एवढंच. तिकडे नोव्हेंबरच्या पाण्यात पडलं की आधी श्वास जातो. गारठ्याने दचकून तोंड उघडतं आणि पाणी आत. तू टिळक टँकवर किती लांब पोहायचीस, याला तिथे काही अर्थ नाही. थोड्या वेळात बोटंच वळत नाहीत. त्यात मालाच्या बोटींची ये-जा.

बघ, आलो तिथेच. चुकलं. सोड.

"बाबा, तू तरी कुठे घालायचास?" असं तू विचारलंस आणि मी ओरडलो, कारण उत्तर होतं. 1988 चा फेब्रुवारी. जॅकेट मी काढून काठावर ठेवलं होतं. कोणी सांगितलं नव्हतं, नुसती ऐट. कयाक उलटली, पाय आत अडकला. वर-खाली कळेना. विन्याने पंटवरून, म्हणजे सपाट तळाच्या होडीवरून, बांबू खुपसला, तो नेमका बरगडीत बसला आणि मी धरला. विनूकाका मला दर दिवाळीला "काय बांबू" म्हणतो ना, ते यावरून. तू लहानपणी कितीदा विचारलंस आणि आम्ही दोघे कितीदा हसण्यावारी नेलं.

आजीला हे कधीच कळलं नाही. पानशेतचं पाणी 12 जुलै 1961 ला नारायण पेठेतल्या घरात शिरलं, तेव्हापासून ती नदीकडे पाठ करून बसायची. पुलावरून रिक्षा गेली तरी डोळे मिटायची. तिला मी चार वर्षं "लायब्ररीत होतो" सांगत आलो, ओल्या केसांनी. ती फक्त पंचा पुढे करायची. कळत असणार गं तिला. आता वाटतं, ती झोपत कशी असेल?

तू जा, जरूर जा. दर रविवारी जा. परमुलखात चार माणसं जोडली जातायत, बोटी पुसताना का होईना, हे मला तुझ्या नोकरीहून मोठं वाटतं. (आईला नाही वाटत.)

पार्सल पाठवलंय. वर मेतकूट आणि थालिपीठाची भाजणी. खाली काय आहे ते तुला कळेलच. माप विनूकाकाला विचारून घेतलंय, सैल झालं तर पट्टे आवळता येतात.

तुझा,
बाबा