मागच्या अंगणातला वाढदिवस

ती. आई-बाबा,
सा. न.

परवा फोनवर "छान झाला वाढदिवस" एवढंच बोलले. आई, तू विचारत होतीस, "हॉल नाही, खेळ घेणारं कुणी नाही, मग मुलांनी केलं तरी काय?" तेव्हा पसारा आवरायचा होता. आज सगळं सांगते.

मागच्या वर्षीचा हॉल आठवतो ना? त्या मोठ्या आवाजाला घाबरून तुमची नात कानांवर हात ठेवून टेबलाखाली बसली होती आणि आपण तिला "बाहेर ये गं" म्हणून विनवत होतो. मला खर्चाचं काही वाटलं नव्हतं. तिच्याच वाढदिवसात ती नव्हती, हे फार लागलं होतं. म्हणून यंदा तिलाच विचारलं, कोण कोण हवंय? तिने बोटांवर सात जण मोजले. बाकीचा वर्ग? "त्यांच्याशी मी खेळत नाही." मग सातच बोलावले, तेही मागच्या अंगणात, सकाळी, दोनच तास. संपायची वेळ निरोपातच कळवली, कारण त्यापुढे या वयाची मुलं दमतात आणि रडारड सुरू होते.

निरोपात ॲलर्जीचंही विचारलं. एकाला शेंगदाणा चालत नव्हता, म्हणून तो घरातच आणला नाही. धाकटी भावंडं येणार होती, तेव्हा द्राक्षं उभी चिरून ठेवली. अख्खं द्राक्ष घशात अडकतं. रबरी फुगेही त्याच भीतीने टाळले, फुटलेला तुकडा तोंडात गेला तर जीव गुदमरतो. जुन्या चादरींच्या त्रिकोणी पताका केल्या. बाबा, दोरी झाडाला बांधताना तुमची सरकगाठ मारली. तुम्ही शिकवत होतात तेव्हा मी कंटाळत होते, आता पहिल्याच झटक्यात जमली.

खरी मजा साबणाच्या फुग्यांची. सहा वाट्या पाणी, एक वाटी भांडी घासायचा पातळ साबण आणि मोठा चमचाभर ग्लिसरीन. आदल्या रात्री फेस न येऊ देता हलक्या हाताने ढवळून ठेवलं. ग्लिसरीनने पाणी लवकर सुकत नाही, म्हणून फुगा जास्त टिकतो. दोन काठ्यांना सुती दोरीचा फास बांधून तो बादलीत बुडवायचा आणि हळू मागे सरकत जायचं. वारा नको, ऊन नको. झाडाच्या सावलीत, हवा ओलसर असताना फुगे मोठे होतात. एक फुगा तर तुमच्या नातीच्या डोक्याएवढा झाला. आधी त्यावर हिरवे-गुलाबी पट्टे सरकत होते, मग वरच्या बाजूचे रंग विरत गेले आणि तिथे नुसती काच असावी तसं दिसायला लागलं. ती श्वास रोखून बघत राहिली. फुटला तेव्हा तिच्या पापण्यांवर थेंब उडाले. सात जणांचं तोंड एकदम बंद मी पहिल्यांदाच पाहिलं! बादलीजवळून मात्र मी हलले नाही. लहानग्याला थोडंसं पाणीही धोक्याचं असतं.

मग दगड शोधायचा खेळ. प्रत्येकाच्या नावाचा एक गुळगुळीत दगड रंगवून कुंड्यांमागे, पायरीखाली लपवला होता. दुसऱ्याचा दिसला तर गप्प राहायचं, एवढाच नियम. एकाला त्याचा सापडेना, रडवेला झाला. तर ज्यांना सापडले होते ते सगळे त्याच्यासोबत शोधायला लागले आणि "अजून जवळ, अजून जवळ" असा गलका झाला. हे मी ठरवलेलं नव्हतं. तोच दगड घेऊन प्रत्येक जण घरी गेला, वेगळं रिटर्न गिफ्ट दिलंच नाही. केक घरीच केला होता, एका बाजूने खचलेला, पण दोन मिनिटांत फस्त.

आई, तुझं म्हणणं होतं की लोक काय म्हणतील. जाताना एका आईने साबणाचं प्रमाण लिहून नेलं. बाकी कोण काय म्हणालं ते मला ऐकूच आलं नाही, मी पोरांमागे धावत होते.

हॉलसाठी तुम्ही पाठवलेले पैसे तसेच ठेवलेत. त्यातून तुमची तिकिटं काढते, तारीख कळवा. थोडं साबणाचं पाणी उरलंय, ते बाटलीत भरून तिने वर "आजी-आजोबांचं" असं लिहिलंय आणि कुणाला हात लावू देत नाही.

तुमची,
ताई