डिपॉझिट ज्याच्या हातात, निकालही त्याचाच?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पानावर भाडेकरू आणि घरमालक यांची पत्रे लागोपाठ आली. एका बाजूचे म्हणणे, घरमालक डिपॉझिट गिळतात. दुसऱ्या बाजूचे म्हणणे, भाडेकरू घराची वाट लावून जातात. मी दोन्ही बाजूंनी राहिलो आहे. लग्नानंतरची ११ वर्षे भाड्याच्या घरांत काढली आणि आता माझे एक छोटे घर भाड्याने देतो. त्यामुळे आधी माझीच गोष्ट सांगतो. ती मला फारशी शोभणारी नाही.

तीन वर्षे राहिलेले एक तरुण जोडपे घर सोडून निघाले. चावी घेताना मी मोबाइलची बॅटरी लावून भिंती पाहिल्या. बाहेरच्या खोलीत खिळ्यांची ९ भोके निघाली. एकेका भोकावर अंगठा टेकवून मोजली. सोफा होता तिथे डोके टेकून टेकून भिंतीवर तेलकट पट्टा उमटला होता. सिंकचा नळ ठिबकत होता. रंगकामाचा पूर्ण खर्च, नळ आणि सफाई असे सगळे मी डिपॉझिटमधून वळते करून घेतले आणि उरलेली रक्कम पाठवून दिली. ते गृहस्थ एवढेच म्हणाले, ‘काका, नळाचं तर मी तुम्हाला दोनदा कळवलं होतं.’ मी ‘बघतो’ म्हणालो आणि बघितले नाही. पैसे माझ्या खात्यात होते. मला कसली घाई?

काही महिन्यांनी कपाट आवरताना एक जुना फोटो सापडला. मुलीचा वाढदिवस, तीच खोली. आम्ही तिथे राहत होतो तेव्हाचा. मागच्या भिंतीवर चार तसबिरी आणि एक घड्याळ. म्हणजे ९ पैकी ५ खिळे माझेच होते. घर भाड्याने देताना खिळे न काढताच वरून रंग मारला होता. त्या जोडप्याने जाताना ते नीट उपटून काढले, म्हणून भोके दिसली एवढेच.

मी लबाडी केली नव्हती, मला खरोखरच तसे वाटत होते. पण दावा माझा, पुरावा माझा, निकाल माझा आणि वसुलीही माझ्याच खिशात! अशा बैठकीत शंकेचा फायदा कोणाला मिळणार, हे सांगायला नको.

आता हिशेबाचे. वापराने होणारी झीज वेगळी आणि नुकसान वेगळे, हे सगळेच म्हणतात, पण वजावट करताना कोणी आठवत नाही. बेसिनला तडा, दाराला पडलेले भोक, लाकडावर इस्त्रीचा चटका हे नुकसान. फिका पडलेला रंग, सैल झालेली कडी ही झीज आणि तिचे पैसे भाड्यातच आलेले असतात. सोफ्यामागचा पट्टा मात्र मधला. तेव्हा मला ते नुकसान वाटले, आज झीज वाटते. (तेव्हा पैसे माझ्याकडे राहणार होते, हा योगायोग नसावा.) आणि नुकसान धरले तरी पूर्ण रंगकाम कसे घ्यायचे? रंग ५ वर्षे टिकतो असे धरा. ते ३ वर्षे राहिले. रंगाचे आयुष्य २ वर्षे उरले होते, तेव्हा फार तर दोन पंचमांश खर्च मागता आला असता. मी पाचही पंचमांश घेतले. जुना रंग देऊन नवा रंग पदरात पाडून घेतला, तोही दुसऱ्याच्या पैशाने.

घरमालकांची भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. ‘शेवटचे दोन महिने डिपॉझिटमधून कापून घ्या’ असे सांगून भाडे थांबवणारे भाडेकरू मी पाहिले आहेत. मग घर सोडताना खरेच काही मोडलेले निघाले तर हातात काहीच उरत नाही. पण ते असे का करतात? डिपॉझिट परत मिळेल याची खात्री नसते म्हणून. आपण कापणार म्हणून ते थांबवतात आणि ते थांबवणार म्हणून आपण जास्त मागतो.

उपाय नवा शोधायचा नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये एप्रिल २००७ पासून अशी रक्कम मान्यताप्राप्त योजनेत सुरक्षित करावी लागते. आता त्यासाठी ३० दिवसांची मुदत आहे. वाद झाला तर त्या योजनेतला त्रयस्थ निवाडा करतो आणि वजावट का योग्य हे घरमालकाला सिद्ध करावे लागते, कारण तोवर पैसे भाडेकरूचेच मानले जातात. रक्कम सुरक्षित केली नाही तर न्यायालय तिच्या एक ते तीन पट भरपाई द्यायला लावू शकते. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्समध्ये ती सरकारी यंत्रणेकडेच जमा होते. जर्मनीत अनामत तीन महिन्यांच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही, ती घरमालकाच्या स्वतःच्या पैशांपासून वेगळी ठेवावी लागते आणि व्याज भाडेकरूचे. कॅलिफोर्नियात घर सोडल्यापासून २१ दिवसांत कलमवार हिशेब द्यावा लागतो. आपल्याकडे केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्याने राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा सुचवली, पण राज्यांनी स्वीकारला तरच तो लागू. शिवाय त्यातही पैसे राहतात घरमालकाकडेच. मर्यादा घालून माझ्यासारख्याच्या हातातली रक्कम कमी होईल, हात तोच राहील.

त्रयस्थाकडे पैसे गेले तर घरमालकाला महिनोन्‌महिने वाट पाहावी लागेल, असे एका पत्रलेखकाने लिहिले होते. लागेलही. आज ती वाट भाडेकरू पाहतो, आणि नव्या घराचे डिपॉझिट त्याला त्याच आठवड्यात भरायचे असते.

कायदा होईल तेव्हा होईल. मी आता चावी देताना आणि घेताना भाडेकरूसोबत घरभर फिरून व्हिडिओ काढतो आणि एका कागदावर दोघांच्या सह्या घेतो. त्यावर पहिली ओळ आहे : ‘बाहेरची खोली, खिळ्यांची भोके ५, मालकाची.’

फोटो सापडल्यावर मी हिशेब पुन्हा मांडला आणि रंगकामाचे व नळाचे पैसे त्या जोडप्याला पाठवले. संध्याकाळी मेसेज आला : ‘मिळाले, काका. नळ बदलला का?’

बदलला होता. त्यांच्याच पैशांनी.

आपला,
एक घरमालक