रविवारचा सराव : साधनांसह आणि साधनांविना

मंडळी, येत्या रविवारी सकाळी ७ वाजता सांगलीत कृष्णेच्या सरकारी घाटावर बुडणाऱ्याला वाचवण्याचा पावसाळ्याआधीचा सराव आहे. पोहणाऱ्या सर्वांनी यायचंच.

प्रत्येकाने एकच बचाव दोनदा करायचा : आधी मोकळ्या हातांनी, मग फिन्स (पोहताना पायात घालायचे रबरी पंख) आणि रेस्क्यू ट्यूब (बुडणाऱ्याला ओढून आणायची तरंगती नळी) घेऊन. काठावर येताच सरावाच्या पुतळ्यावर २ मिनिटं सीपीआर, म्हणजे छातीवर दाब आणि तोंडाने श्वास देणं. दम लागला की छातीवरचे दाब उथळ पडतात आणि आपल्याला ते कळतही नाही. साधनांमुळे वाचलेला दम तिथेच कामाला येतो.

- आधी ५ श्वास, मग ३० दाब, २ श्वास. दाब ५ ते ६ सेंमी खोल, मिनिटाला १०० ते १२०.
- फिन्स आपल्या मापाचेच आणा. उसने सैल फिन्स नदीत निघतात, मग ते शोधायला वेगळं पथक लागतं!

पाणी वाढल्यास सराव रद्द, निरोप शनिवारी रात्री.