रिपोर्टमध्ये काय तपासले नाही, तेही ठळक लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला कॅन्सरवरचा लेख वाचला. जीन सिक्वेन्सिंगमुळे, म्हणजे जनुकांचा क्रम वाचण्याच्या तपासणीमुळे, गाठीतला नेमका बिघाड कळतो आणि त्यावर नेमकी गोळी मिळते, हे खरे आहे. पण जीन फ्यूजनवर, म्हणजे दोन जनुके चुकून जोडली जाण्यावर, जेमतेम दोन ओळी, त्यातही सल्ला एवढाच की 'चाचणी करून घ्यावी'. कोणती चाचणी? आमचे घोडे तिथेच अडले होते.

माझ्या धाकट्या बहिणीला फुप्फुसाचा कॅन्सर आहे. पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयाने सिक्वेन्सिंग करवले. रिपोर्टच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत, 'उपचारयोग्य बदल आढळला नाही'. आम्ही विश्वास ठेवला, केमो सुरू झाली. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी तोच रिपोर्ट शेवटपर्यंत वाचला. तळाशी बारीक टायपात होते: तपासणी फक्त डीएनएवर केली आहे, सर्व फ्यूजन सापडतीलच असे नाही. हे वाक्य पहिल्या पानावर का नाही?

फ्यूजनमध्ये दोन वेगळ्या जनुकांचे तुकडे एकमेकांना जोडले जातात. तो सांधा बहुधा इन्ट्रॉनमध्ये, म्हणजे जनुकातल्या प्रथिनाची माहिती नसलेल्या मधल्या भागात पडतो, आणि काही इन्ट्रॉन इतके लांब असतात की डीएनएचे पॅनेल, म्हणजे ठरावीक जनुकांची एकत्र तपासणी, ते पूर्ण वाचतच नाही. आरएनए म्हणजे पेशीने काढलेली जनुकाची नक्कल; तिच्यात इन्ट्रॉन गळालेले असतात, म्हणून सांधा सरळ दिसतो. यात नवीन काही नाही. फुप्फुसाच्या कॅन्सरमधले ईएमएल४ आणि एएलके या जनुकांचे फ्यूजन २००७ साली सापडले. लॅरोट्रेक्टिनिब या औषधाला अमेरिकेत २०१८ मध्ये मंजुरी मिळाली ती गाठ कोणत्या अवयवात आहे हे न बघता, एनटीआरके जनुकांचे फ्यूजन आहे एवढ्यावर.

आरएनए तपासण्यासाठी रुग्णालयात ब्लॉक, म्हणजे बायोप्सीचा तुकडा बसवलेला मेणाचा ठोकळा, मागायला गेलो. अर्ज द्या, आधारची झेरॉक्स द्या, मॅडम सुट्टीवर आहेत. अखेर मिळाला तेव्हा मेणाच्या त्या ठोकळ्यात गाठीचा तुकडा तांदळाच्या कणीएवढा उरला होता. बाकीचा आधीच्या तपासण्यांत कापून संपलेला. पुन्हा बायोप्सी, पुन्हा पाठीतून सुई. त्यात आरओएस१ या जनुकाचे फ्यूजन निघाले. त्यावरची गोळी अमेरिकेत २०१६ पासून मंजूर आहे! आज ती गोळी सुरू आहे आणि बहीण जिना चढून घरी येते. पण मधल्या काळात तिने जी केमो सोसली, तिचा जाब आम्ही कोणाला विचारायचा?

तुकडा पुरेसा असतानाच डीएनए आणि आरएनए दोन्ही तपासायला पाठवावेत. आरएनए तपासला नसेल तर तसे निकालाच्या शेजारीच लिहावे. एवढे तरी आपल्या वृत्तपत्राने लावून धरावे.

आणखी एक. लेखासोबत जळत्या सिगारेटचे चित्र होते. माझ्या बहिणीने आयुष्यात सिगारेटला हात लावलेला नाही. आरओएस१ आणि एएलके फ्यूजनच्या रुग्णांत कधीही धूम्रपान न केलेल्यांचे प्रमाण मोठे असते. तरी सोसायटीतल्या बायका तिला 'कधी ओढायचीस का गं?' विचारतात. फुप्फुसाच्या कॅन्सरच्या प्रत्येक बातमीला ते चित्र लावणे कृपया बंद करावे.

एक वाचक,
सहकारनगर, पुणे