भिंतीवरचं अक्षर

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

रविवारी मित्रांना घेऊन पांडवलेणीला आलास आणि घरी न डोकावता परस्पर पुण्याला गेलास, त्याचा हिशेब दिवाळीत करू. हे पत्र दुसऱ्याच कारणासाठी आहे. तू तिथल्या भिंतीचा फोटो पाठवलास, बदाम, बाण आणि नावं कोरलेला, आणि खाली लिहिलंस, 'कोण असतात गं ही गाढवं?' मी नुसता अंगठा पाठवून मोकळी झाले. रात्री मात्र झोप येईना. त्या गाढवांतलं एक मी आहे.

साल 1983. मी बारा वर्षांची, तुझा मामा चौदाचा. सुट्टीच्या दिवशी अण्णा आम्हाला सायकलींवर घेऊन पंचवटीतून निघायचे, आग्रा रोडने. पायथ्याशी फाळके स्मारक वगैरे काही नव्हतं. वर चढून गेलं की बरेचदा आम्ही तिघंच. तीन नंबरच्या लेण्याच्या ओसरीखाली सहा यक्ष आहेत बघ, जमिनीतून अर्धे वर आलेले, खांद्यांवर तुळया घेतलेले. मामा म्हणायचा, हे नाशिकरोड स्टेशनचे हमाल, गाडी लेट झाल्यामुळे अडकलेत. अजूनही तिथे गेले की मला त्यांच्या दंडावर बिल्ले दिसतात.

पांडवांचा या लेण्यांशी काडीचा संबंध नाही, ही बौद्ध भिक्खूंची वस्ती, डोंगराचं जुनं नाव त्रिरश्मी, हे अण्णा दर वेळी सांगायचे. पण त्यांचं खरं प्रेम दहा नंबरवर. बँकेत कारकून होते ना! सार्वजनिक वाचनालयातून आणलेल्या पुस्तकातून तिथल्या लेखाचं भाषांतर त्यांनी वहीत उतरवून घेतलं होतं. नहपान राजाचा जावई उषवदात याने भिक्खूसंघासाठी 3000 कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, दिले आणि ते गोवर्धनातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, ठेवले. एकीकडे 2000, महिना शेकडा एक व्याजाने. दुसरीकडे 1000, शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. पहिल्या रकमेच्या व्याजातून, या लेण्यात पावसाळा काढणाऱ्या वीस भिक्खूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी बारा.

अण्णांनी खिशातून पेन्सिल काढली. दोन हजारांवर वर्षाचं व्याज 240. वीस गुणिले बारा, 240. "जुळला!" ते असे ओरडले की छतातली वटवाघळं फडफडली. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा ताळा, आणि हा माणूस असा खूश, जणू स्वतःच्याच टेबलावरचं खातं टॅली झालंय.

तेव्हा मी कुठे होते? शेजारच्या एका रिकाम्या खोलीत. अस्वल निघालं तर असावं म्हणून कंपासपेटीतलं कर्कटक बरोबर घेतलं होतं. अस्वल काही आलं नाही. हाताला चाळा म्हणून माझ्या नावाचं पहिलं अक्षर कोरलं, पुढे 83. आपला काळा दगड किती कठीण! कर्कटकाचं टोक वाकलं, पण अक्षर उमटलं. पुरातत्त्व खात्याचा निळा फलक बाहेर होता आणि मला वाचता येत होतं, त्यामुळे अजाण होते म्हणायचीही सोय नाही.

अण्णा मागे येऊन उभे राहिले. मारतील असं वाटलं. त्यांनी वही मिटली आणि विचारलं, "त्याने तीन हजार दिले, मग नाव लिहिलं. तू काय दिलंस?" उतरताना एक शब्द बोलले नाहीत. मामाने मात्र घरी पोचेपर्यंत मला 'उषवदात' म्हणून पिडलं.

त्यानंतरही आम्ही खूप भटकलो. रामशेजवर उन्हात करपलो, सिन्नरच्या गोंदेश्वराच्या सावलीत डबे खाल्ले, अंजनेरीच्या पठारावर धुक्यात दोन तास वाट शोधत फिरलो. त्या पठारावरच्या एका कंदीलपुष्पाला 2006 साली अंजनेरीचंच नाव मिळालं. आम्ही किती तुडवली असतील कोण जाणे. पण कर्कटक पुन्हा कधी बरोबर नेलं नाही.

आणि हो, तीन नंबरमध्ये गेलाच होतास तर तिथला मोठा लेख पाहिलास का? सातवाहनांच्या राजमातेचा, गौतमी बलश्रीचा. मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी, आणि लेख कोरला नातू पुळुमावीच्या एकोणिसाव्या वर्षी. ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं, असं मुलाचं कौतुक आहे. त्यातच, आईची अखंड सेवा करणारा, हेही कोरून ठेवलंय. अशी मुलं असतात म्हणे. परस्पर पुण्याला न जाणारी.

तुझ्या त्या फोटोत माझं अक्षर नाही. दोनदा मोठा करून पाहिला. ते आहे त्याच जागी, तू चार वर्षांचा असताना बाबांनी काढलेल्या फोटोत. तू पुढे, हातात काकडी. मी तुझ्यामागे भिंतीला पाठ अगदी चिकटवून उभी. "जरा पुढे ये गं, अंधार पडतोय," असं बाबा चारदा म्हणाले होते. मी हलले नाही.

तुझी,
आई