एका दिवसात एकच गाव

ती. आई-बाबा,

शि. सा. न.

बाबा, इंग्लंडला आल्यावर काय काय बघायचं याची तुम्ही पाठवलेली यादी नीट वाचली. विंडसरचा किल्ला, स्टोनहेंजचे प्राचीन दगड आणि बाथ गाव हे सगळं एका दिवसात दाखवणारी बस टूर तुम्ही निवडली आहे आणि 'लवकर बुक कर, जागा संपतील' असंही लिहिलंय. मी ती अजून बुक केलेली नाही. त्याचं कारण फोनवर सांगायला लागले की अर्धं बोलणं राहून जातं, म्हणून आज सविस्तर लिहिते.

त्या टूरचा हिशेब मांडून बघा. लंडनहून विंडसर तासभर, तिथून स्टोनहेंज दीड तास, पुढे बाथ आणखी तासभर, आणि बाथहून परत लंडन अडीच तास. रस्ता मोकळा असला तर हे. म्हणजे अकरा-बारा तासांच्या दिवसातले सहा तास तुम्ही बसच्या खुर्चीत. उरलेल्या वेळात तीन ठिकाणी चढणं-उतरणं, तिकिटाच्या रांगा, स्वच्छतागृहं, खाणं, आणि 'अमुक वाजता बसपाशी परत या' ही घाई. विंडसरच्या किल्ल्यालाच नीट बघायचं तर तीन तास लागतात. आईचे गुडघे फार वेळ बसून राहिल्यावर कसे आखडतात ते मी मागच्या सुट्टीत पाहिलंय. त्या बसमधून प्रत्येक वेळी उतरताना पहिली दहा मिनिटं तिची पाय मोकळे करण्यातच जातील, आणि ती काही बोलणार नाही, हे तुम्हालाही माहीत आहे.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की एका दिवशी एकच गाव बघायचं, आणि शक्य तिथे रेल्वेनं जायचं. चार गावं कमी झाली तरी चालतील.

तुम्ही जूनअखेर येताय हे यासाठी फार चांगलं. त्या दिवसांत इथे सूर्य रात्री सव्वानऊच्या पुढे मावळतो. त्यामुळे पहाटे उठून धावपळ करायची काही गरज नाही. शिवाय सोमवार ते शुक्रवार सकाळची ऑफिसची गर्दी ओसरली, साधारण साडेनऊ झाले, की तिकिटांचे दरही उतरतात. त्याला इथे 'ऑफ-पीक' म्हणतात. नाश्ता करून, औषधं घेऊन, दहाच्या सुमाराची गाडी धरायची, अकरा-साडेअकराला पोहोचायचं, आणि संध्याकाळी उजेडातच निवांत परत यायचं.

तिकिटांचं मी बघेन, पण बाबा, तुम्हाला त्यातलं गणित समजून घ्यायला आवडेल म्हणून लिहिते. सगळ्यांत स्वस्त तिकीट असतं 'ॲडव्हान्स'. ते आधी काढावं लागतं आणि एका ठरावीक गाडीलाच चालतं. ती गाडी चुकली की तिकीट वाया. 'ऑफ-पीक डे रिटर्न' थोडं महाग, पण गर्दीच्या वेळा सोडून त्या दिवशीच्या कुठल्याही गाडीनं जा आणि कुठल्याही गाडीनं या. जवळच्या गावांसाठी मी हेच घेणार आहे. चार पैसे वाचवायला स्वतःला एका गाडीशी बांधून घेतलं की सगळा दिवस घड्याळाकडे बघण्यात जातो. बाथ मात्र लांब आहे, तिथे फरक बराच पडतो, म्हणून तेवढी दोन तिकिटं ॲडव्हान्स काढू आणि स्टेशनवर वेळेआधी पोहोचू.

सवलतीचंही सांगते. साठीच्या पुढच्यांसाठी सीनियर रेलकार्ड असतं, त्यावर एक तृतीयांश सूट मिळते, आणि ते पर्यटकांनाही काढता येतं. पण ते प्रत्येकाला वेगळं लागतं. त्याऐवजी 'टू टुगेदर' नावाचं कार्ड आहे. दोघांत मिळून एकच, सूट तेवढीच, अट एवढीच की दोघांनी बरोबर प्रवास करायचा आणि कामाच्या दिवशी साडेनऊच्या आधी निघायचं नाही. तुम्ही दोघं एकमेकांना सोडून कुठे जाणार आहात? तेव्हा हेच काढू. आणि शनिवारी मी बरोबर असेन तेव्हा तिघांना मिळून 'ग्रुपसेव्ह' लागू होतं, तीन ते नऊ माणसं एकत्र असली की ऑफ-पीक तिकिटावर तितकीच सूट, कार्डही लागत नाही.

आता गावं. मधल्या वारी मला ऑफिस असेल, तेव्हा पहिला प्रवास तुम्ही दोघांनीच करायचा आहे, आणि तो ब्रायटनचा असावा असं मी ठरवलंय. कारण साधं आहे. व्हिक्टोरिया स्टेशनहून गाडी सुटते ती तिथूनच सुरू होते, आणि ब्रायटनला रूळच संपतात. कुठे उतरायचं ही काळजी नाही, झोप लागली तरी चालेल. तासाभराचा प्रवास. परतताना मात्र एक लक्षात ठेवा: ब्रायटनहून काही गाड्या लंडनच्या मधून पार पलीकडे दुसऱ्या गावांना जातात, म्हणून पाटीवर शेवटचं स्टेशन 'व्हिक्टोरिया' असेल तीच गाडी धरा. जाताना हेवर्ड्स हीथ यायच्या जरा आधी गाडी ऊझ नदीच्या खोऱ्यावरच्या पुलावरून जाते. १८४१ सालचा, सदतीस कमानींचा विटांचा पूल आहे तो. गाडीतून कमानी दिसत नाहीत, पण दोन्ही बाजूंना एकदम खोल हिरवं खोरं उघडतं. बाबा, खिडकीशी बसा.

ब्रायटनमध्ये समुद्र आहेच (वाळू नाही, सगळे गोटे आहेत, आई, बूट घालूनच चल), पण मला तुम्हाला तिथे पाठवायचंय ते रॉयल पॅव्हिलियनसाठी. इंग्लंडच्या राजाचा हा जुना महाल घुमट-मिनारांचा आहे, हिंदुस्थानी इमारतींची कल्पना करून बांधलेला. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये जखमी झालेल्या हिंदी सैनिकांसाठी १९१४ च्या डिसेंबरपासून १९१६ च्या सुरुवातीपर्यंत इथे इस्पितळ चाललं. झुंबरांच्या दालनांत खाटा लावल्या होत्या. धर्म आणि जातीचे नियम पाळता यावेत म्हणून स्वयंपाकघरं वेगवेगळी ठेवली होती. जे हिंदू आणि शीख सैनिक वाचले नाहीत, त्यांना गावाबाहेरच्या टेकडीवर अग्नी दिला. तिथे १९२१ मध्ये पांढऱ्या संगमरवराची छत्री, म्हणजे घुमटाचं स्मारक, उभारलं, त्याला इथले लोकही 'छत्री'च म्हणतात. तिथवर गाडीरस्ता नाही, चढावरून बरंच चालावं लागतं, म्हणून तुम्ही दोघांनी तिकडे जाऊ नये असं मला वाटतं. पॅव्हिलियनच्या दक्षिणेकडचा दरवाजाही हिंदुस्थानातल्या लोकांनी त्या सेवेची आठवण म्हणून दिलेला आहे, तो वाटेतच आहे. त्याच्यापाशी जरा थांबा. आजोबांच्या घराण्यातले लोक फौजेत होते म्हणून नाही, तर इतक्या लांब आलेल्या त्या मुलांची विचारपूस करायला आपल्यापैकी कुणी जावं असं मला मनापासून वाटतं. स्टेशनवरून समुद्राकडे उतार आहे. परतताना तोच चढ होतो, तेव्हा बस घ्या.

केंब्रिजला आपण तिघं जाऊ, जुलैतल्या एखाद्या शनिवारी. त्याआधी नको, कारण एप्रिलअखेरपासून जूनच्या मध्यापर्यंत परीक्षांमुळे बरीच कॉलेजं पाहुण्यांना बंद असतात, आणि जूनअखेर पदवीदानाची गर्दी असते. किंग्ज क्रॉसहून जलद गाडीनं पाऊण तासाच्या जरा वर लागतं. स्टेशन मात्र गावाबाहेर, साधारण दोन किलोमीटर. तिथून बस घेऊ.

बाबा, हा दिवस मी तुमच्यासाठी आखलाय. लहानपणी तुम्ही मला गणित शिकवताना रँग्लर परांजप्यांची गोष्ट सांगायचात. दापोलीजवळच्या मुर्डीसारख्या खेड्यातला मुलगा १८९९ साली केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत विभागून पहिला आला, सीनियर रँग्लर झाला, आणि परत येऊन फर्ग्युसन कॉलेजात प्राचार्य झाला. ते ज्या कॉलेजचे विद्यार्थी होते ते सेंट जॉन्स आपण आतून बघू. ज्या सेनेट हाऊसमध्ये हे निकाल वाचून दाखवले जायचे ते किंग्ज कॉलेजच्या शेजारीच आहे. आणि सेंट जॉन्सला लागून ट्रिनिटी, न्यूटनचं आणि रामानुजनचं. रामानुजन १९१४ मध्ये इथे आले आणि १९१८ मध्ये ट्रिनिटीचे फेलो, म्हणजे कॉलेजचे मानाचे सदस्य, झाले. या तीन जागा एकमेकींपासून चालत दहा मिनिटांच्या आत आहेत. तुम्ही आयुष्यभर ज्या नावांवर मुलांना शिकवलंत त्यांच्या अंगणात तुम्हाला उभं केल्याशिवाय मी तुम्हाला परत पाठवणार नाही. टूरवाल्यांच्या केंब्रिजमध्ये परांजपे नसतात.

आई, तुझ्यासाठी किंग्ज कॉलेजचं चॅपल, म्हणजे प्रार्थनामंदिर. छताकडे बघताना मान दुखेल इतकं उंच, आणि दगडाचे पंखे उघडल्यासारखी नक्षी. आत बसायला भरपूर जागा आहे, हवा तितका वेळ बस. नदीतली ती सपाट होडी मात्र राहू दे. तिच्यात खूप खाली बसावं लागतं आणि उठताना आधाराला काही नसतं. काठावरून बघायलाही छान वाटतं.

स्टोनहेंजसाठी मी तुमचं ऐकते, तिथे टूरचाच विचार करू. रेल्वेनं जायचं तर आधी वॉटर्लूहून सॉल्सबरी दीड तास, मग तिथून बस, आणि पुढे पर्यटक केंद्रापासून दगडांपर्यंत आणखी एक छोटी बस. इतक्या बदलांपेक्षा पर्यटक केंद्राच्या दारात सोडणारी बस बरी, शेवटची छोटी बस तेवढी टूरमध्येही लागते. फक्त ती टूर एकट्या स्टोनहेंजची, अर्ध्या दिवसाची असावी. दगडांना हात लावता येत नाही, भोवतीनं वाटेवरून फिरायचं. मैदान उघडं, वारा बोचरा, तेव्हा जुलैतही स्वेटर घ्या. बाबा, तिथले मोठे उभे दगड पंचवीसेक किलोमीटरवरून आणलेले, त्यांच्यापेक्षा लहान निळसर दगड वेल्समधून, दोनशेहून अधिक किलोमीटरवरून. आणि मधला जो आडवा दगड आहे तो थेट स्कॉटलंडच्या ईशान्य भागातून आल्याचं २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवलं. सात-साडेसातशे किलोमीटर!

विंडसर सोपं आहे. पॅडिंग्टनहून स्लाव, तिथे गाडी बदलून सहा-सात मिनिटांत विंडसर, आणि स्टेशनबाहेर पडलं की समोर किल्ला. मंगळवार-बुधवारी किल्ला बंद असतो आणि रविवारी आतलं सेंट जॉर्ज चॅपल प्रार्थनेसाठी राखलेलं असतं. एलिझाबेथ राणीची समाधी त्याच चॅपलमध्ये आहे आणि आईला ती बघायची आहे, म्हणून गुरुवार ठरवू. बाथला रोमन लोकांनी बांधलेली गरम पाण्याची कुंडं आहेत, पाणी अजूनही ४६ अंशांचं येतं. स्टेशनपासून सपाट रस्त्यानं दहा मिनिटं.

ऑक्सफर्ड यादीतून काढलंय. केंब्रिज मनासारखं झालं की त्याच धर्तीचं दुसरं गाव बघायला मला दिवस खर्च करावासा वाटत नाही. रविवारीही कुठे जायचं नाही. त्या दिवशी बऱ्याचदा रुळांची दुरुस्ती काढतात आणि मधल्याच कुठल्या तरी स्टेशनवर उतरवून बसमध्ये बसवतात.

स्टेशनवरच्या दोन गोष्टी आत्ताच सांगून ठेवते. मोठ्या स्टेशनांवर फलाटाचा नंबर गाडी सुटायच्या दहा-पंधरा मिनिटं आधीच लागतो. तो लागला की सगळे एकदम निघतात. तुम्ही त्यांच्याबरोबर धावू नका, पण रेंगाळूही नका, कारण गाडीची दारं वेळेच्या एक-दोन मिनिटं आधी बंद होतात. आणि आई, मोठ्या स्टेशनांवरची स्वच्छतागृहं आता फुकट आहेत, सुट्टे शोधायला नकोत.

दुसरं आईच्या गुडघ्यांचं. इथे 'पॅसेंजर असिस्ट' म्हणून सोय आहे. प्रवासाच्या दोन तास आधीपर्यंत कळवलं की स्टेशनचा माणूस येतो, लिफ्टनं फलाटावर नेतो, गाडीत चढवतो, आणि उतरायच्या स्टेशनवर दुसरा माणूस थांबलेला असतो. पैसे लागत नाहीत. आई, तू लगेच 'कशाला उगाच त्रास' म्हणशील. त्या लोकांचं कामच ते आहे, आणि माझ्या ऑफिसमधल्या साहेबांच्या धडधाकट आईसुद्धा ही सोय घेतात. मी प्रत्येक वेळी कळवून ठेवणार आहे, यावर आपण चर्चा करायची नाही.

आता माझ्या मागण्या. टू टुगेदर कार्डावर दोघांचेही फोटो लागतात, तेव्हा पासपोर्टला काढले तसे, पांढऱ्या भिंतीसमोरचे दोन फोटो फोनवरून पाठवा. आईला डॉक्टरांना विचारायला सांगा की सलग किती वेळ चाललेलं आणि किती वेळ बसलेलं चालेल, म्हणजे त्याप्रमाणे मी मधले थांबे ठरवीन. दोन प्रवासांच्या मध्ये मी एक दिवस पूर्ण विश्रांतीचा ठेवलाय, त्यात बाबांनी काही घुसवायचं नाही. आणि बाबा, या यादीतून तुम्हाला काय काढावंसं वाटतं तेही लिहा. फक्त केंब्रिज सोडून.

तुमची,
धाकटी