झेंडावंदनाआधी वाचावे

सर्व सभासद बंधू-भगिनींना रामराम.

१५ ऑगस्टचे झेंडावंदन सकाळी साडेसातला, मंडळाच्या पटांगणात. यंदा नवा ध्वज घ्यायचा आहे. आणणाऱ्यांनी लांबी-रुंदीचे प्रमाण ३:२ आहे ना ते पाहावे आणि निळ्या चक्राचे आरे दुकानातच मोजावेत, २४ भरले पाहिजेत. बांधताना केशरी पट्टा वर.

मुलांना चक्राची गोष्ट जरूर सांगा. १९३१ च्या तिरंग्यावर चरखा होता. २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने आजचा ध्वज स्वीकारला, तेव्हा त्या जागी सारनाथच्या अशोकस्तंभावरचे चक्र आले. हिरवा रंग म्हणजे मातीशी आणि झाडाझुडपांशी असलेले नाते, असे राधाकृष्णन यांनी त्या सभेत सांगितले होते. कापूस-केळी पिकवणाऱ्या आपल्या खान्देशाला हे वेगळे समजवायला नको.

आणि नंदुरबारचा शिरीषकुमार! ९ सप्टेंबर १९४२ ला हाती तिरंगा घेऊन या शाळकरी पोराने गोळ्या झेलल्या. त्याचे नाव यंदा मुलांच्या भाषणात आलेच पाहिजे, असा माझा आग्रह आहे.

घरातले फाटके, विटलेले ध्वज कचऱ्यात टाकू नका. कार्यालयात आणून द्या. ध्वजसंहितेप्रमाणे त्यांचे सन्मानाने विसर्जन करू.

– कार्यवाह